तळहातावरचं बिऱ्हाड

छाया शेलारने शेवटचा साबण हातात घेतला, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती.

सकाळी उठलं की ती मोरीपाशी उभी राहायची आणि तिचा नवरा विलास उकळून गार केलेलं पाणी तांब्याने तिच्या हातांवर धरायचा. नुसतं पाणी. मग हात हवेतच वाळवायचे, पंच्याला पुसायचे नाहीत. भांडी घासायची नाहीत, भाजी चिरायची नाही, हळदीच्या डब्याला हात लावायचा नाही, कडुनिंबाचा पाला तोडायचा नाही. दारामागे चिकटवलेल्या यादीत अशा एकतीस गोष्टी होत्या. हात वाळले की विलास सुती मोजे चिमट्याने उचलून तिच्यापुढे धरायचा आणि ती त्यात हात घालायची. तो तिच्या हातांना कधी हात लावत नसे. सुरुवातीला चुकून लागायचा, आता तेवढंही होत नव्हतं.

वाघेघळ हे त्यांचं गाव जावळीच्या डोंगरात, कोयनेच्या पाणसाठ्याच्या वरच्या टोकाला होतं. पंचेचाळीस घरांच्या या गावाला आता कुंपण होतं, फाटक होतं आणि फाटकावर पहारा होता. कारण देशात पेटीतल्या मधमाश्या आता फक्त इथेच उरल्या होत्या.

बाकीच्या माश्या पिशवी रोगाने नेल्या होत्या. रोग जुनाच होता. माशीच्या अळीला विषाणू लागतो, अंगात पाणी साचून तिची पिशवी होते आणि ती पोळ्यातल्या आपल्या घरातच मरते. पूर्वी त्यातून काही पेट्या वाचायच्या. पण पाच वर्षांपूर्वी त्या विषाणूने रूप बदललं. दोन हंगामांत सह्याद्रीतली सातेरी माशी संपली, पाठोपाठ मैदानातल्या बागांमधली इटालियन माशी गेली, कड्यांवरची आग्या पोळी काळी पडून गळाली. दुकानात साखरेच्या पाकावर विकरं सोडून केलेला ‘मधुरस’ बाटल्यांतून मिळू लागला. खरा मध औषध म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवर पाच मिलिलिटरच्या कुपीत मिळायचा, आणि ती कुपीही वाघेघळची असायची. सूर्यफूल, मोहरी, कांद्याचं बी, कलिंगड, सगळ्यांचं पीक निम्म्याच्या खाली आलं.

वाघेघळमध्येही एकोणीस मधपाळांच्या पेट्या मेल्या. छायाच्या बावीस पेट्या मात्र जगल्या.

संशोधन केंद्राच्या डॉ. रेहाना मुजावर तेव्हा पहिल्यांदा गावात आल्या. त्यांनी आठ महिने सगळं तपासलं. पाणी, जांभळीचा मोहोर, पेट्यांचं लाकूड, माश्यांची आतडी, कशातच वेगळं काही नव्हतं. शेवटी एके दिवशी त्यांनी पाहिलं की छाया पेटीतली पोळ्याची चौकट उचलताना मोजे घालत नाही, आणि त्यांनी कापसाचा बोळा तिच्या तळहातावरून फिरवला.

“छायाताई, तुमच्या हातावर एका जिवाणूने बिऱ्हाड केलंय,” त्यांनी नंतर ओट्यावर बसून सांगितलं होतं. “मूळचा तो माश्यांच्या पोटातलाच. तुम्ही लहानपणापासून उघड्या हाताने पोळी हाताळता, त्यात कधीतरी तो तुमच्या कातडीवर आला आणि तिथेच बदलला. तो एक बारीकसं प्रथिन सोडतो. हे प्रथिन विषाणूला चिकटलं की विषाणूला अळीच्या पेशीत शिरता येत नाही. तुम्ही पोळ्याला हात लावता तेव्हा ते माश्यांच्या खाण्यात उतरतं आणि बारा दिवस टिकतं. जिवाणू स्वतः मात्र पोळ्यावर तासाभरात मरतो.”

“मग तो बरणीत वाढवा की,” छाया म्हणाली होती.

तेच जमत नव्हतं. प्रथिन बनवणं जिवाणूला महाग पडतं. काचेच्या बशीत त्याला त्याची गरज नसते, म्हणून चार-पाच पिढ्यांतच तो ते बनवणारं जनुक टाकून देतो. गोठवून ठेवलेले नमुनेही वितळवले की तेच करत. कारखान्यात नुसतं प्रथिन करून पाहिलं, तर त्याची घडी चुकत होती. छायाच्या घामात असं काहीतरी होतं, की तिथे त्याला ते जनुक सांभाळावंच लागे. गावातल्या एकशे चाळीस जणांच्या हातांवर तो लावून पाहिला. अकरा दिवसांच्या पुढे कुठेच टिकला नाही. फक्त छायाची मुलगी तन्वी, तिच्या हातावर तो दीड महिना राहिला. मग तिने एकदा घरातली भांडी घासली आणि तो गेला.

मग सरकारने समिती नेमून गावात ‘मधवन’ उभारलं आणि छायाशी करार केला. करारावर सही करताना तिने एकच अट घातली होती. तन्वीला यात ओढायचं नाही. समितीने तसं लिहून दिलं आणि साक्षीदार म्हणून खाली डॉ. मुजावरांनी सही केली.

तेव्हापासून छाया फाटकाबाहेर गेली नव्हती. पेट्या आता सहाशे बारा झाल्या होत्या आणि दर बारा दिवसांनी प्रत्येक पेटीतल्या पोळ्यावर तिला तळहात टेकवावे लागत. तन्वीचं लग्न गावातच, फाटकाच्या आत झालं. हळदीच्या दिवशी सगळ्या बायकांनी तन्वीला हळद लावली आणि छाया मोजे घालून दाराच्या चौकटीत उभी राहिली. नंतर तन्वी सिन्नरजवळ सासरी गेली. जावई सुयोग कांद्याचं बी पिकवायचा. आता तन्वीला सातवा महिना होता आणि बाळंतपणाला माहेरी यायची परवानगी समितीकडे अडकली होती. बाळंतिणीच्या घरात औषधं, साबण, जंतुनाशकं येणार, ते छायाजवळ कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

विलासला या साऱ्याचं फारसं दुःख नव्हतं. तो आता मधवनाचा व्यवस्थापक होता. मंत्री आले की त्यांना पेट्या दाखवत फिरायचा. “सगळा देश तुझ्या हातावर जगतोय,” असं तो छायाला म्हणायचा आणि ते त्याला मनापासून वाटायचं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात छायाला ताप आला. पहिले दोन दिवस तिने अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी पेट्यांच्या ओळीत उभ्या उभ्याच तिचे पाय गेले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा कमरेजवळ सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली.

“गवतातली कीड चावलीय,” ते डॉ. मुजावरांना म्हणाले. “हा ताप ओळखीचा आहे. गोळ्या आजच सुरू केल्या तर दोन दिवसांत उतरेल. नाही केल्या तर मूत्रपिंड, फुप्फुसं, काहीही जाऊ शकतं. उशीर करण्यात अर्थ नाही.”

“प्रतिजैविक?”

“त्याशिवाय दुसरं काही नाही यावर.”

गोळ्यांचं पाकीट त्यांनी डॉ. मुजावरांच्या हातात दिलं, कारण छायाला द्यायची कोणतीही गोष्ट आधी त्यांच्या हातात द्यायची असा नियम होता. डॉ. मुजावरांनी ते बॅगेत ठेवलं आणि समितीला फोन लावायला त्या अंगणात गेल्या.

छाया खाटेवरून सगळं ऐकत होती. गोळी रक्तात गेली की घामात उतरेल, घामात उतरली की तळहातावरचं बिऱ्हाड उठेल, एवढं गणित तिलाही समजत होतं.

डॉ. मुजावर आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “उद्या सकाळपर्यंत थांबायला सांगितलंय. तोपर्यंत जमतील तेवढ्या चौकटींना तुमचा हात लागावा, म्हणजे पुढचे बारा दिवस हातात राहतील. त्या बारा दिवसांत काहीतरी मार्ग...”

“कसला मार्ग?”

“शोधतायत.”

मग मधवनातल्या माणसांनी पेट्या उघडून चौकटी घरात आणायला सुरुवात केली. एक जण डावीकडून चौकट धरायचा, छाया दोन्ही तळहात पोळ्यावर टेकवायची, दोन श्वास घेईपर्यंत थांबायची, आणि ती चौकट उजवीकडून बाहेर जायची. माश्या तिच्या बोटांवरून चालत होत्या. त्या तिला चावत नसत. तिला दात वाजवणारी थंडी भरली की विलास मागून तिच्या खांद्यांना आधार द्यायचा आणि माणसांना म्हणायचा, “जरा थांबा रे.” मग थोड्या वेळाने म्हणायचा, “हं, आणा.” दुपारी बारापर्यंत चारशे चौकटी झाल्या.

“अहो, मला गोळी द्यायला सांगा,” छाया म्हणाली.

“एवढी रात्र काढ. देतायतच की उद्या.” विलासने तिच्या कपाळावरची ओली घडी बदलली. “आणि तन्वी येतेय संध्याकाळी. समितीने तिला गाडी पाठवलीय. बरं वाटेल तुला.”

छायाला क्षणभर खरोखरच बरं वाटलं. तीन वर्षांत समितीने तन्वीसाठी कधी गाडी पाठवली नव्हती. मग तिने मान वळवून डॉ. मुजावरांकडे पाहिलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

“मॅडम, गाडी कशाला पाठवलीय?”

डॉ. मुजावरांनी बॅगेची चेन ओढून बंद केली.

“तुम्ही सही केली होती.”

“मी आज त्यांना तेच सांगितलं, छायाताई. ते म्हणाले, परिस्थिती बदललीय. तुम्ही गोळी घ्यायच्या आधी तुमच्या हातावरून तिच्या हातावर... ती आली की अर्ध्या तासाचं काम आहे. तिच्यावर कोणी जबरदस्ती करणार नाही. तिने फोनवर हो म्हटलंय.”

“कशाला हो म्हटलंय? हे काय असतं ते तिला कुठे ठाऊक आहे?”

“अगं, मुलगी शहाणी आहे आपली,” विलास म्हणाला. “इथेच राहील, तुझ्याजवळ. बाळंतपणही इथेच होईल. तू मोकळी होशील. वाईट काय आहे यात?”

छायाने त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला यात वाईट काही दिसतच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर पाळणा आला, आणि पाळण्यापाशी मोजे घालून उभी असलेली तन्वी.

“मला मोरीत जायचंय,” ती म्हणाली.

विलासने तिला धरून दारापर्यंत नेलं. तिने आत जाऊन कडी घातली. कोनाड्यात विलासचा अंगाचा साबण होता. बंबात पाणी कढत होतं. तिने बादली भरली, खाली बसली आणि हात धुवायला घेतले. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटं, कोपरापर्यंत. साबणाला वास होता, तो ती विसरून गेली होती. फेस राखाडी झाला, मग पांढरा. डोकं गरगरत होतं, म्हणून तिने कपाळ भिंतीला टेकवलं आणि तसेच हात चोळत राहिली. तीनदा, चारदा. बाहेरून विलासने हाक मारली. तिने पुन्हा साबण उचलला.

कडी काढून ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि हळदीचा डबा उघडून दोन्ही हात त्यात मनगटापर्यंत खुपसले.

विलास दारात आला आणि तिथेच थबकला. चौकट घेऊन आलेला माणूस त्याच्या मागे उभा होता. चौकटीवर माश्या गुणगुणत होत्या.

“काय केलंस हे?” विलास म्हणाला. “छाया, काय केलंस?”

“आता थांबण्यासारखं काही नाही,” ती म्हणाली. “गोळी द्या मला.”

डॉ. मुजावरांनी बॅग उघडली. पाकीट फोडून गोळी छायाच्या पिवळ्या तळहातावर ठेवली. पाण्याचा पेला त्यांनी स्वतः छायाच्या ओठांना लावला.

तन्वी दिवेलागणीला पोचली. पोट सांभाळत उंबरा ओलांडून आत आली, तेव्हा छाया खाटेवर पडून होती आणि तिचे पिवळे हात पांघरुणाबाहेर होते. वाटेतच तिला फोनवर कळलं होतं. ती खाटेच्या कडेला बसली.

“सुयोगच्या कांद्याला मागच्या वर्षी चौथाई बी आलं,” तन्वी म्हणाली. “आमच्या सबंध गावाचं तसंच. मी विचार करून हो म्हटलं होतं, आई. लहान नाहीये मी.”

“माहीत आहे.”

“मला विचारलं असतंस तर मी तुझ्याजवळ राहायला तयार होते.”

“म्हणूनच विचारलं नाही.”

तन्वीने तोंड फिरवलं. रडली असेल, पण छायाला दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत गेली.

छायाचा ताप उतरला. माश्या लगेच मेल्या नाहीत. हात लागलेल्या पेट्यांनी दोन आठवडे काढले, मग रोगाने अळ्यांच्या घरांची झाकणं खचू लागली. छाया रोज ओळींमधून फिरायची. आता पहारेकरी तिला अडवत नसत, कोणी बोलतही नसे. ज्यांच्या घरी मधवनाचा पगार येत होता, त्या बायका तिला पाहून दाराआड व्हायच्या. ती चौकट उचलून तळहात टेकवायची. काही उपयोग नाही हे ठाऊक होतं, तरी टेकवायची. डिसेंबर संपता संपता शेवटच्या पेटीतली राणी मूठभर कामकरी माश्यांसोबत एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली तिला दिसली. दुसऱ्या दिवशी तीही नव्हती.

विलास रिकाम्या पेट्या एकावर एक रचत होता. “मी इथेच राहतो,” तो म्हणाला. “तू जा तन्वीकडे. तिला गरज आहे.” एवढंच बोलणं त्यांच्यात महिन्याभरात झालं.

तन्वीने बोलावलं नव्हतं, पण दारात उभ्या आईला तिने आत घेतलं. जानेवारीच्या शेवटी तिला मुलगी झाली. छायाने बाळाला न्हाऊ घातलं, तेल लावलं, धुरी दिली. तन्वी कामापुरतं बोलायची.

फेब्रुवारीत कांद्याचे गोंडे फुलले. पाच एकर रान पांढरंशुभ्र झालं आणि त्यावर एक माशी नव्हती. सकाळी नऊ ते अकरा या वेळात बायका ओळीने चालत आणि प्रत्येक गोंड्यावरून उघडा तळहात हलकेच फिरवत, म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर जातील. तीन आठवडे, रोज. छायाही त्यांच्यात जायची. बाळ बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलेलं असायचं आणि तन्वी त्याच्याजवळ बसून असायची.

अशाच एका सकाळी बांधावर गाडी थांबली आणि डॉ. मुजावर उतरल्या. एकट्याच होत्या. त्या रानात शिरून छायापर्यंत आल्या. थोडा वेळ तिच्या बाजूने चालल्या, तिचं बघून त्यांनीही दोन-चार गोंड्यांवरून हात फिरवला.

“नऊशे नमुने गोठवलेले होते,” त्या म्हणाल्या. “सगळे वितळवून पाहिले. एकात जनुक शाबूत आहे. का आहे ते मला कळत नाही. पण तो बशीत फार दिवस राहणार नाही. मंगळवारपर्यंत, फार तर.”

“आणि माश्या?”

“दुसऱ्या देशातून बारा राण्या मिळतायत, त्यांच्या माश्यांसकट. तिथेही रोग पोचलाय, म्हणून द्यायला तयार झालेत.” त्या थांबल्या. “समितीला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर इथे दोन गाड्या येतील, तुमच्यासाठी आणि तन्वीसाठी. म्हणून तो परत हातावर घ्याल का, हे आधी तुम्हाला विचारायला आले. नाही म्हणालात तर मी बशी धुऊन टाकीन आणि यातलं कोणाला काही कळणार नाही.”

तन्वी कधी उठून आली होती ते दोघींनाही कळलं नव्हतं. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

“नको जाऊस, आई,” ती म्हणाली.

छायाने ओळीच्या टोकाकडे पाहिलं. आठ बायका वाकून चालत होत्या. निम्मं रानही अजून झालं नव्हतं.

“चार पेट्या असत्या तर एवढं काम कधीच उरकलं असतं,” ती म्हणाली.

“मग त्या दिवशी कशाला धुतलेस हात?” तन्वीचा आवाज चढला. बाळ चुळबुळलं, तशी ती हळू झाली. “एवढं सगळं संपवलंस आणि आता परत तिथेच जायचं? परत ते मोजे, ते फाटक? मला वाटत होतं तू माझ्यासाठी केलंस.”

“तुझ्यासाठीच केलं. पण त्या दिवशी मला कोणी विचारलं नव्हतं, तन्वी. तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.” छायाने पदराला हात पुसले. “आणि मीही तुला विचारलं नाही, ते चुकलंच माझं. आता विचारते. जाऊ?”

तन्वीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “जा म्हणणार नाही मी,” ती म्हणाली. “पण अडवणारही नाही.”

छायाने मान हलवली. मग ती डॉ. मुजावरांकडे वळली.

“तन्वीचं नाव पुन्हा निघायचं नाही. कागदावर नको, तुम्ही तोंडाने सांगा.”

“निघणार नाही.”

“फाटक नको. गोळ्या माझ्या उशाशी राहतील, कोणाच्या बॅगेत नाही. मला नको वाटलं त्या दिवशी मी हात धुऊन निघून जाईन.”

“मग मी समितीला काय सांगू?”

“हेच सांगा. नाही पटलं तर त्यांनी दुसरे हात शोधावेत.”

डॉ. मुजावर थोडं हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “चला मग. गाडीत जागा आहे.”

“गाडी नको,” छाया म्हणाली. “सोमवारी येते मी, एसटीने. माझी मी येईन.”

डॉ. मुजावर बांधावर जाऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग गाडी गेली. तन्वीने बाळ आईपुढे धरलं. छायाने त्याला दोन्ही हातांत घेतलं, छातीशी लावलं, त्याची एवढीशी मूठ उघडून पाहिली. अकरा वाजायला अजून थोडा वेळ होता. तन्वी आईच्या ओळीत उतरली आणि उरलेल्या गोंड्यांवरून हात फिरवत पुढे चालू लागली.